सात मात्रांचं रॉक गाणं तालवाद्यवृंदासाठी कसं बसवायचं: अरेंजिंगची पहिली ओळख

शाळा-कॉलेजच्या तालवाद्यवृंदाला कधी ना कधी एखादं जुनं रॉक गाणं वाजवायची हौस येते. ड्रमसेट, मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं), टिंपनी (सुरात लावता येणारे मोठे नगारे) हाताशी असतात, मुलांना गाणं तोंडपाठ असतं. मग कोणीतरी नेटवरून पियानोचं नोटेशन उतरवतं आणि वरची ओळ झायलोफोनला, खालची मरिंबाला देऊन मोकळं होतं. असं बसवलेलं गाणं पहिल्या कडव्यातच निस्तेज वाटायला लागतं. तालवाद्याचा स्वर वाजताक्षणी विरायला लागतो. गिटार, गळा आणि सॅक्सोफोन तो ताणू शकतात, वळवू शकतात. त्यामुळे अरेंजरने आधी ठरवायचं असतं ते हे की मूळ गाण्यातलं काय सोडायचं.

ही सगळी प्रक्रिया एकाच गाण्यावर दाखवतो. गाणं आहे पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'मनी', १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं, रॉजर वॉटर्सने लिहिलेलं. नवशिक्यांना सात मात्रांचं गाणं का द्यायचं, असं कोणी विचारेल. एक तर त्याची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) इतकी ठसठशीत आहे की कोणत्याही वाद्यावर ओळखू येते. दुसरं, गाण्याची सुरुवातच तालवाद्यांसारखी आहे: नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज एका आवर्तनात फिरत राहतात. आणि तिसरं कारण आपल्यासाठी खास आहे. ज्याच्या कानात रूपक हा सात मात्रांचा ताल आहे त्याला ७/४ची, म्हणजे सात मात्रांच्या गटाची, भीती वाटायचं काही कारण नाही.

आधी कागद, मग वाद्य

गाणं हेडफोनवर ऐका आणि फक्त बार (मात्रांचे पूर्ण गट) मोजा. स्वर लिहायचे नाहीत. एका मोठ्या कागदावर तक्ता करा: कोणता भाग, किती बार, किती मात्रांचे, कोण वाजवतंय, आवाज भरलेला की मोकळा. 'मनी'चा ढोबळ आराखडा असा निघतो: आवाजांचं आवर्तन, त्यावर बासची रिफ, मग सगळा बँड, दोन कडवी, डिक पॅरीचा टेनर सॅक्सोफोन सोलो (हाही सातातच), त्यानंतर गिटार सोलो आणि तिथे गाणं एकदम ४/४मध्ये येतं. मग पुन्हा सात, शेवटचं कडवं, आणि माणसांच्या बोलण्याच्या तुकड्यांवर गाणं विरत जातं. कडव्यांच्या ओळी संपतात तिथले बार दोन-तीनदा मोजून पाहा. नेटवरच्या तक्त्यांवर विसंबू नका, कान आणि बोटं पुरेशी आहेत.

या तक्त्यासाठी दोन संध्याकाळी गेल्या तरी हरकत नाही. पुढचे सगळे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत. मूळ गाणं सव्वासहा मिनिटांच्या थोडं वर जातं. कॉलेजच्या वृंदाला साडेचार मिनिटं पुरतात. कुठे कापायचं ते तक्त्यावर लगेच दिसतं. मी दुसरं कडवं आणि गिटार सोलोचा एक भाग काढतो. सॅक्सोफोनचा भाग मात्र ठेवतो, कारण सातात मोकळं वाजवायची संधी तिथेच आहे.

परवानगीचंही याच टप्प्यावर बघून ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचं अरेंजमेंट हे रूपांतर मानलं जातं आणि त्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. वर्गात शिकण्यासाठी लिहिणं वेगळं आणि तिकीट लावून वाजवणं, नोटेशन विकणं, व्हिडिओ टाकणं वेगळं. कार्यक्रम ठरत असेल तर आयोजकांना सार्वजनिक वादनाच्या परवान्याबद्दल आधीच विचारा. भारतात त्यासाठी आयपीआरएस ही संस्था आहे. अरेंजमेंट छापायचं किंवा विकायचं असेल तर थेट प्रकाशकाला लिहावं लागतं.

सूर कोणता धरायचा

इथे बहुतेक नवखे अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिफ मूळ बी मायनरमध्ये आहे. सात मात्रांत आठ स्वर: पहिल्या मात्रेला बी, दुसरीत वरचा बी आणि एफ शार्प असे दोन, तेही सरळ अर्धे-अर्धे नाहीत, झुलते, तिसरीला पुन्हा खालचा बी, चौथीला सर्वांत खालचा एफ शार्प, पाचवीला ए, सहावीला बी, सातवीला डी. बास गिटारवर हे सगळं फार खाली वाजतं. मध्य सप्तकातल्या सी ला सी४ म्हटलं तर रिफचा तळ एफ शार्प१ आहे. तिथे नेहमीचा मरिंबा पोहोचत नाही. एक सप्तक वर घेतलं तर तळ येतो एफ शार्प२ वर.

आता तुमचा मरिंबा बघा. चार सप्तकांचा असेल तर सी३ पासून सुरू होतो, ४.३ सप्तकांचा ए२ पासून, पाच सप्तकांचा सी२ पासून. म्हणजे मूळ सुरात ही रिफ यांपैकी फक्त पाच सप्तकांच्या मरिंब्यावर बसते, आणि तो मोठा महागडा मरिंबा फार थोड्या ठिकाणी असतो. ४.३चा असेल तर गाणं तीन अर्धस्वर वर, डी मायनरमध्ये न्या. मग रिफ होते डी, वरचा डी-ए, डी, खालचा ए, सी, डी, एफ. आणि तळाचा स्वर येतो नेमका ए२, म्हणजे तुमच्या मरिंब्याची शेवटची पट्टी. वाद्याची सगळ्यात खोल पट्टी रिफच्या सगळ्यात खोल जागी वाजते. गायक नसल्यामुळे सूर बदलला तरी कोणाचं काही अडत नाही. गायक असेल तर मात्र आधी त्याच्या गळ्याला विचारा.

दोन टिंपनी घेऊन हीच रिफ आणखी जड करता येते. २९ इंची टिंपनी ए२ला आणि २६ इंची डी३ला लावा. पूर्ण रिफ टिंपनीला देऊ नका, गोंधळ माजतो. पहिल्या मात्रेला डी आणि चौथीला ए, एवढंच. मरिंब्याच्या लाकडी टोकदार स्वराला त्यातून शरीर मिळतं.

मरिंबा नसेल तर? महाराष्ट्रात तो सहज मिळत नाही हे खरं आहे. काष्ठतरंग मिळाला तर रिफ त्यावर वरच्या सप्तकात घ्या आणि तळ पूर्णपणे टिंपनीकडे किंवा सुरात लावलेल्या मोठ्या टॉमकडे (ड्रमसेटमधल्या ढोलाकडे) सोपवा. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर मरिंब्याचा आवाज लावून वाजवणं मला पटत नाही. स्पीकरमधून येणारा एक आवाज बाकीच्या लाकूड-धातूत मिसळत नाही, वेगळाच ऐकू येतो.

रूपक आणि बॅकबीट

रिफचे स्वर मात्रांप्रमाणे तोडून लिहा: डी, डी-ए, डी । ए, सी । डी, एफ. तीन, दोन, दोन. रूपकाचे विभाग हेच. चौथ्या मात्रेला, जिथे रूपकाची पहिली टाळी पडते, तिथेच रिफ तळाला जाते. सहावीला, दुसऱ्या टाळीला, ती पुन्हा षड्जावर येते. तालमीत मुलांना पहिल्यांदा 'एक दोन तीन, चार पाच, सहा सात' असं म्हणत टाळ्या द्यायला लावा. वाद्याला हात लावू देऊ नका. सात मात्रा शरीरात बसल्या की पुढचं फार सोपं जातं.

एक फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली' या हलक्या जागी येते. ती ती ना, धी ना, धी ना: तबल्याचा पहिला बोल हलका असतो, बायां (डग्गा) नसतो. रिफची पहिली मात्रा मात्र सगळ्यांत वजनदार आहे. तबलजी वृंदात असेल तर त्याला ठेका बदलायला सांगू नका. त्याची हलकी सम आणि मरिंब्याचा भरीव डी एकाच जागी पडले की दोन्ही स्वच्छ ऐकू येतात.

ड्रमसेटवर मी स्नेअरचा (खरखरीत आवाजाच्या छोट्या ड्रमचा) ठोका, म्हणजे बॅकबीट, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेला ठेवतो. त्यामुळे दोन-दोन-दोन-एक असा दुसराच हिशोब सुरू होतो आणि सातवी मात्रा लगेच पहिलीत पडते, पाऊल चुकल्यासारखी. ती ओढ हाच या गाण्याचा स्वभाव आहे. ड्रमर नवखा असेल तर त्याला सातवीवर झांज मारून जागा भरायचा मोह होतो. भरू देऊ नका.

नाण्यांचं आवर्तन

मूळ ध्वनिमुद्रणात हे आवाज टेपचे तुकडे मोजपट्टीने सारख्या लांबीचे कापून, चिकटवून, गोल फिरवत वाजवलेले आहेत. वॉटर्सची तेव्हाची पत्नी कुंभारकाम करायची. तिच्या कामाच्या वाडग्यात नाणी टाकून त्याने काही आवाज टिपले होते. वृंदात हे काम माणसांनी करायचं, आणि रंगमंचावर ते बघायलाही फार छान दिसतं.

आठ वादक धरा. ड्रमर सोडला की सात उरतात, म्हणजे प्रत्येकाला एक मात्रा. एकाला नाण्यांची थैली, एकाला कागद, एकाला हॉटेलच्या काउंटरवरची घंटी, एकाला किल्ल्यांचा जुडगा, एकाला लोखंडी कॅशबॉक्सचं झाकण, एकाला जुन्या टाइपरायटरची कळ, एकाला पितळी वाटीत एकच नाणं. आपल्या घरात सापडेल ते घ्या, फक्त सातही आवाज एकमेकांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत.

नाणी उंचावरून टाकू नका. २० सेंटिमीटरवरून सोडलेलं नाणं तळाला पोहोचायला सुमारे ०.२ सेकंद घेतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.५ सेकंदाची असते. म्हणजे वादकाने मात्रेवर हात सोडला तर आवाज जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा येणार. ५ सेंटिमीटरवर आणलं तरी ०.१ सेकंद जातातच. म्हणून नाणी कापडी थैलीत घालून थैली टेबलावर आपटायची; मग हात आणि आवाज एकत्र येतात. कागदाचंही तसंच: जुन्या वर्तमानपत्राला आधी बारीक चिरा देऊन ठेवा, दर आवर्तनाला एक झटका आणि एक पट्टी. जितकी आवर्तनं तितक्या चिरा, शिवाय चार जास्त.

पहिल्या मात्रेचा आवाज कोणाला द्यायचा? रिफ वाजवणाऱ्या मरिंबावादकाला. तो वाद्याकडे वळला की पहिली मात्रा मोकळी पडते आणि त्याच जागी रिफचा पहिला डी येतो. पुढे जो जो आपल्या वाद्यावर जातो, त्याची मात्रा गळते. शेवटी ड्रमसेट येतो. वादकांना वस्तू ठेवून मॅलेट (पट्ट्या वाजवायच्या काठ्या) उचलायला निदान दोन आवर्तनं द्या आणि ती सुटी त्यांच्या पार्टमध्ये (प्रत्येकाच्या स्वतंत्र नोटेशनमध्ये) स्पष्ट लिहा.

वाटणी

माझी आठ जणांची वाटणी: ग्लॉकेनस्पील (धातूच्या छोट्या पट्ट्यांचं वाद्य), झायलोफोन, व्हायब्राफोन, मरिंबा वरचा, मरिंबा खालचा, टिंपनी, ड्रमसेट, आणि तबला किंवा काँगा. दोन मरिंबावादक एकाच वाद्यावर उभे राहू शकतात. रिफ ए२ ते डी४ मध्ये राहते, त्यामुळे त्याच्या वरचा भाग दुसऱ्याला मोकळा मिळतो.

त्या दुसऱ्याला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) द्यायचे आहेत. डी मायनरमध्ये नेल्यावर मुख्य कॉर्ड तीन: डी मायनर सेव्हन, जी मायनर सेव्हन, ए मायनर सेव्हन. चार मॅलेटची गरज नाही. प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा स्वर घ्या: एफ४-सी५, मग एफ४-बी फ्लॅट४, मग जी४-सी५. हात जेमतेम एका स्वराने हलतो आणि मूळ स्वर खालचा मरिंबा सांभाळतो. हे रोल करून (भराभर ठोके मारत) धरू नका. स्नेअरच्या बरोबरीने, दुसऱ्या-चौथ्या-सहाव्या मात्रेला, छोटे आणि कोरडे वाजवा.

गाण्याची ओळ व्हायब्राफोनला. गायक एकाच स्वरावर पाच-सहा अक्षरं म्हणतो तेव्हा शब्दांमुळे मजा असते. पट्टीवर तोच स्वर सहा वेळा ठोकला की ऐकणारा कंटाळतो. म्हणून ओळीतले वजनाचे स्वर ठेवा, मधले गाळा, आणि पेडलने शेवटचा स्वर घुमू द्या. ग्लॉकेनस्पीलला प्रत्येक ओळीच्या शेवटी एक-दोन स्वर पुरे. हे वाद्य लिहिल्यापेक्षा दोन सप्तकं वर वाजतं आणि सगळ्यांना भेदून जातं. झायलोफोन एक सप्तक वर. स्वरलेखन करताना हे विसरलात तर संगणकावर एक ऐकू येईल आणि हॉलमध्ये दुसरंच.

मॅलेटचं नाव प्रत्येक पार्टवर लिहाच. मरिंब्याच्या खालच्या पट्ट्यांना मऊ, सूत गुंडाळलेली मॅलेट लागतात. कडक प्लास्टिक किंवा पितळी मॅलेट त्या पट्ट्यांवर कधीही वापरू नयेत, लाकूड कायमचं दुखावतं.

गिटार सोलोचं काय

स्वर न् स्वर उतरवून झायलोफोनला देऊ नका. बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरच्या सोलोत जे आहे ते तारा ओढण्यात आहे, आणि पट्टी ओढता येत नाही. पण त्या सोलोची रचना मात्र उचलण्यासारखी आहे. तो मायनर ब्लूजच्या चौकटीवर तीन भागांत चालतो: पहिला भरगच्च आणि घुमणारा, दुसरा एकदम कोरडा आणि जवळचा, तिसरा पुन्हा उसळणारा. हे तीन रंग तालवाद्यांत उत्तम जमतात. पहिल्यात सगळे वाजवतील, टिंपनी पेडलने स्वर वर सरकवेल (तार ओढल्याच्या सगळ्यांत जवळ जाणारा आवाज हाच). दुसऱ्यात फक्त बंद हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), व्हायब्राफोन पेडलशिवाय, आणि रिफवाला अगदी हळू. तिसऱ्यात ड्रमसेट आणि तबला चार-चार बारांची सवाल-जवाब करत चढतील. वेळ कमी असेल तर पहिला भाग काढा. दुसरा काढू नका, त्याच्याशिवाय तिसऱ्याला उंची येत नाही.

सॅक्सोफोनच्या जागी मी तबला ठेवतो, सातातच, रिफ चालू असताना. मोजून आठ आवर्तनं, शेवटी सातवर बसणारी तिहाई. मूळ गाण्यात तबला नाही हे मला माहीत आहे. पण तिथे ज्या वाद्याचा श्वास होता त्याच्या जागी आपल्याला जिवंत बोलणारं काहीतरी हवं, आणि आपल्या वृंदात ते तबल्याइतकं कोणी करत नाही.

शेवट मूळ गाण्यासारखा विरवता येत नाही. रंगमंचावर आवाजाची खुंटी हळूहळू कमी करणारं कोणी नसतं. ठाम थांबा लिहा: रिफची चार आवर्तनं सगळ्यांनी एकसुरात आणि एकत्र वाजवून, पाचव्याच्या पहिल्या मात्रेला संपवायचं.

लिहिणं आणि तालीम

म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. ७/४ लिहिताना तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेनंतर तुटक उभी रेघ द्या, वाचणाऱ्याचा डोळा ठरतो. दुसऱ्या मात्रेतले झुलते स्वर सरळ अष्टमांश म्हणून लिहा आणि वर 'स्विंग' अशी सूचना. तिथे तिप्पट-चौपटची गुंतागुंत लिहिली तर कोणीही ती तशी वाजवत नाही. संगणकाचं प्लेबॅक स्वर तपासायला वापरा, आवाजाचा तोल तपासायला नको. त्यात ग्लॉकेनस्पील आणि मरिंबा सारख्याच जोराने येतात. मुंबईच्या सिनेसंगीतात सॅबेस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजर्सनी प्रत्येक वादकासाठी हाताने लिहिलेले पार्ट वाचून मोठमोठे वृंद वाजत होते. पार्ट स्वच्छ असेल तर निम्मी तालीम तिथेच झालेली असते. लांब सुटीनंतर येणाऱ्या वादकाला आधीच्या दोन बारांत दुसऱ्या कोणाची तरी ओळ छोट्या अक्षरात दाखवा.

तालीम ८० च्या लयीत सुरू करा. मेट्रोनोमचा जोरकस ठोका बंद ठेवा, सगळे ठोके सारखे. नाहीतर चारचा जोर सातात घुसतो. सातातून चारात जायची जागा वेगळी काढून घ्या: दोन बार सात, दोन बार चार, पुन्हा दोन बार सात, अशी न थांबता दहा मिनिटं. पहिल्यांदा ड्रमर एकटा, मग त्याच्याबरोबर रिफवाला, मग बाकीचे. लय १२०च्या आसपास आणल्यावर थांबा. मूळ ध्वनिमुद्रणात लय पुढे चढत जाते, आणि तुमच्याही वृंदात गिटार सोलोच्या जागी ती आपोआप चढेल. थोडी चढू द्या, पण परत सातात येताना ड्रमरने पहिला बार किंचित मागे बसून द्यायचा असं ठरवून ठेवा.

मांडणी अर्धगोल करा. ड्रमसेट मागे मध्यभागी, त्याच्या एका बाजूला मरिंबा आणि टिंपनी, दुसऱ्या बाजूला व्हायब्राफोन, झायलोफोन, ग्लॉकेनस्पील. तबलजीला पुढे, थोड्या उंचीवर बसवा आणि त्याला माइक द्या, कारण ड्रमसेटसमोर बायां ऐकू येत नाही. रिफवाल्याला ड्रमरचा उजवा पाय दिसला पाहिजे. वस्तूंची टेबलं वाद्यांच्या शेजारीच आणि वर जाड कापड घातलेली असू द्या, म्हणजे किल्ल्या ठेवताना आवाज होणार नाही. हॉलमध्ये पोहोचल्यावर आधी नाण्यांचं आवर्तन शेवटच्या रांगेत बसून ऐका. कागद ऐकू आला नाही तर पातळ वर्तमानपत्राऐवजी जाड तपकिरी कागद घ्या.